तो ब्रोच नाही, मोर्स आहे

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इटलीतल्या चर्चच्या खजिन्यांवर लेख आलाय, आवडला, पण फोटोखाली नुसतं 'धर्मगुरूंचा ब्रोच' छापलंय ते बघून राहवलं नाही. मी बावीस वर्षं मीनाकाम करतोय म्हणून जास्तच लागलं असेल.

ब्रोच शोभेला लावतात. हा मोर्स. पाद्री मिरवणुकीला, आशीर्वाद देताना कोप घालतात, म्हणजे पुढून उघडा, अर्धगोल घेराचा मोठा झगा, त्यावर जरीकाम असलं की चांगलाच जड, तो खांद्यावरून घसरू नये म्हणून दोन्ही कडा छातीवर अडकवायला मोर्स लागतो. लॅटिनमधल्या 'चावणे' या शब्दावरून नाव आलंय आणि खरंच तो कापडाला चावून बसतो.

आता अशा मोर्सवरच्या मीन्याचं, म्हणजे धातूवर भाजून बसवलेल्या रंगीत काचेचं सांगतो. इटलीतल्या सिएना शहराचे सोनार चांदीच्या पत्र्यावर आधी चित्र कोरायचे, कुठे जरा खोल कुठे एकदम उथळ, मग रंगीत काचेची पूड पाण्यात कालवून भरायची आणि भट्टीत घालायची. काच पारदर्शक, त्यामुळे खोल जागी थर जाड होऊन निळा गडद दिसतो आणि उथळ जागी फिका, म्हणजे संताच्या अंगरख्याची चुणी रंगाने काढलेलीच नसते, कोरणीने काढलेली असते! हात जरा जास्त दाबला गेला की सावली चुकली. या पद्धतीचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं काम म्हणजे गुच्चो दि मान्नाया या सिएनाच्या सोनाराने पोप निकोलस चौथा याच्यासाठी केलेला चषक, १२८८ ते १२९२ च्या दरम्यानचा, इटलीतच असिसी गावी आहे, आणि त्यावर त्याने स्वतःचं नाव घातलंय.

सोन्याचे मोर्स फार टिकले नाहीत. नंतरच्या काळात चेल्लिनी या इटालियन सोनाराने पोप क्लेमेंट सातवा याच्यासाठी केलेला मोर्स १७९७ मध्ये नेपोलियनची खंडणी भरायला वितळवला, आता फक्त त्याची चित्रं उरलीत. टस्कनीतला, म्हणजे सिएना ज्या प्रांतात आहे तिथला, १४व्या शतकातला एक मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, संत फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटतानाचा, तो मुलामा दिलेल्या तांब्याचा आहे, आणि मला वाटतं तांबं होतं म्हणूनच वाचला.

तेव्हा पुढच्या वेळी फोटोखाली धातू कुठला, मीना कुठल्या पद्धतीचा आणि कारागिराचं नाव माहीत असेल तर तेही छापा, पोपचं नाव तर तुम्ही छापताच.

एक मीनाकाम कारागीर, पुणे