‘कोणाचो?’ असं तिथे कोणी विचारत नाही

म्हापसा,
चवथीनंतरचा सोमवार

प्रिय सुदेश,

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून ‘हो हो, बघू’ म्हणून ठेवला. तुला वाटलं असेल टाळतोय. तसं नाही. नशा सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जावं का, तिथे होतं काय, हे तू विचारलंस. ते काउंटरवर उभं राहून सांगता येत नाही, म्हणून रात्री लिहायला बसलोय.

पुण्याच्या व्यसनमुक्ती सेंटरमधून घरी आलास, चवथही निभावलीस, हे वहिनीकडून कळलं. बरं वाटलं. सेंटरमध्ये फाटकाला कुलूप असतं, चहा-जेवण वेळेवर, दिवस दुसऱ्यानेच आखून दिलेला. डिचोलीला बस स्टँडवर उतरलास की पाच मिनिटांत जुन्या टोळीतलं कोणी ना कोणी हाक मारणार. तुला तिथल्या समुपदेशकाने ‘मीटिंग धर’ असं सांगितलं ते याचसाठी. तू म्हणालास, ‘धरतो रे, पण गोवा एवढासा. कोणीतरी बघेल.’

ही भीती खोटी नाही. आपल्याकडे नवा माणूस दिसला की आधी विचारतात, ‘तूं खंयचो? कोणाचो?’ आडनाव, वाडा, देऊळ, मामाचं घर, सगळं निघेपर्यंत सुटका नाही. एनएच्या, म्हणजे नार्कोटिक्स अनॉनिमसच्या मीटिंगमध्ये नेमकं हेच कोणी विचारत नाही. फक्त पहिलं नाव सांगायचं, तेही वाटलं तर. रजिस्टर नाही, फॉर्म नाही, फी नाही. सभासद व्हायला एकच अट, नशा थांबवायची इच्छा. थांबलेली असलीच पाहिजे असंही नाही. समज, ओळखीचं कोणी भेटलंच. मला भेटला होता, आमच्याच वाड्यावरचा. मी त्याला बघून जेवढा घाबरलो तेवढाच तो मला बघून घाबरला. तो तिथे कशाला आलाय हे त्यालाही माहीत असतं ना! आजवर त्याने बाहेर एक शब्द काढलेला नाही, मीही नाही.

आता तिथे होतं काय ते सांगतो. बहुतेक ठिकाणी एखादा हॉल किंवा शाळेची खोली भाड्याने घेतलेली असते, पुष्कळदा चर्चच्या आवारात. त्यावरून हा पाद्र्यांचा कार्यक्रम समजू नकोस. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, थोडी बिस्किटं. सुरुवातीला क्षणभर शांतता, मग ठरलेला मजकूर आळीपाळीने वाचतात. त्यानंतर शेअरिंग. एकेक जण आपल्याबद्दल बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्येच कोणी सल्ला देत नाही, ‘असं कर, तसं कर’ म्हणत नाही. आपल्या लोकांना हे किती अवघड जातं ते तुला माहीत आहेच! कोणी कोकणीत बोलतो, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत. मी मराठीतच बोलतो, कोणाचं अडत नाही. तुला बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हण. शेवटी टोपली फिरते, खिशात असेल ते टाकायचं, नसेल तर पुढे सरकवायची. बाहेरून देणगी घ्यायची नाही असा त्यांचा नियमच आहे. मग हातात हात धरून गोल उभं राहायचं. पहिल्यांदा मला त्याची फार लाज वाटली, अजूनही थोडी वाटते.

चावीला लावायचे टॅग देतात, त्यावरून हसू नकोस. पहिल्या दिवशी पांढरा, तीस दिवसांना केशरी, साठला हिरवा, नव्वदला लाल. वर्षाचा अंधारात चमकतो. स्लिप होऊन, म्हणजे मध्येच पुन्हा नशा करून, परत आलास तर पुन्हा पांढरा मिळतो आणि टाळ्या त्यालाच सगळ्यांत जास्त पडतात.

देवाचं म्हणशील तर तुझा आक्षेप मला ठाऊक आहे. एनएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे नशेतून बाहेर पडायच्या त्यांच्या बारा टप्प्यांमध्ये, देव येतो, ‘आम्हाला जसा समजला तसा’ अशी पुस्ती जोडून. हे सगळं आलं दारूवाल्यांकडून. 1935 साली अमेरिकेत अक्रनला एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, उभी राहिली. तिच्याच धर्तीवर 1953 मध्ये कॅलिफोर्नियात एनए निघाली. मूळ ख्रिस्ती वळणाचं आहे हे खरं. आमच्यातला एक जण समुद्राला देव मानतो, एक मंगेशीला जातो, एक काहीच मानत नाही आणि तो सगळ्यांत जुना आहे. तू इंजिनियर, तुला पुरावा लागतो. 2020 साली कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय संशोधन तपासून बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, आढावा आला. दारूच्या बाबतीत, पूर्ण बंद राहायला एए आणि तिच्याकडे वळवणारे उपचार इतर समुपदेशनाइतके किंवा त्याहून सरस ठरतात असा त्याचा निष्कर्ष. गर्दच्या, म्हणजे तुझ्या ब्राउन शुगरच्या बाबतीत इतका भक्कम पुरावा नाही, तेव्हा तुझ्याशी त्यावर वाद घालत नाही. येऊन बघ.

दोन गोष्टी मात्र नीट ऐक. तुला जिभेखाली ठेवायची जी गोळी लिहून दिली आहे, ती मीटिंगमधल्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. काही जुने लोक कपाळाला आठ्या घालतील, ‘गोळी चालू म्हणजे क्लीन कसला’ म्हणतील. एखाद्या ग्रुपमध्ये तुला नुसतं ऐकायलाही सांगतील. राग येईल, येऊ दे, दुसऱ्या ग्रुपला जा. औषधाचा निर्णय डॉक्टरचा. पुणं लांब वाटलं तर बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे विचार. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. इतके आठवडे शरीर कोरडं राहिलंय, सवय उतरली आहे. पूर्वी जेवढं पचवायचास तेवढं आता घेतलंस तर श्वास थांबू शकतो. सेंटरमधून सुटलेली मुलं जातात ती बहुतेक अशीच. उपदेश करत नाही, आपल्या ओळखीतली दोन नावं तुलाही आठवतील.

आणि बियर. ‘गर्द सोडली, एक बियर काय करते’ हे वाक्य गोव्यात जेवढ्या दारांवर ऐकू येतं तेवढं दुसरीकडे कुठे नसेल. एनएत दारू हीसुद्धा नशाच धरतात. लग्नात, नाताळात, शिगम्याला हातात ग्लास देतील तेव्हा कोकमचं सरबत आधीच घेऊन उभा राहा. भरलेल्या हाताला कोणी आग्रह करत नाही.

मीटिंग शोधायची कशी? एनएच्या भारतातल्या वेबसाइटवर यादी असते, हेल्पलाइनलाही विचारता येतं. पण यादीवर विसंबून एकदम निघू नकोस. वेळ बदलते, हॉल बदलतो, पावसात काही ग्रुप मधूनच बंद पडतात. आधी फोन कर. किनाऱ्याकडच्या काही मीटिंगांना सीझनमध्ये परदेशी पाहुणे असतात, तिथे इंग्रजीच चालतं. तुला घराजवळ नको असेल तर तेही वाईट नाही, तिथे कोण तुझा मामा ओळखणार! रात्री झोप नसेल तर फोनवर ऑनलाइन मीटिंगही मिळते, पण फोन हातात धरून बसणं आणि माणसाशेजारी बसणं यात फरक आहे. सरकारची 14446 ही फुकट हेल्पलाइन आहे, ती वहिनीच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेव. वहिनींसारख्यांसाठी नार-अ‍ॅनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा असतात, घरच्यांच्या. आईला मात्र त्यात ओढू नकोस. तिला ‘मित्राकडे जातो’ एवढं पुरे.

पहिली मीटिंग कंटाळवाणी वाटेल. एखादा माणूस तीच गोष्ट दर वेळी सांगेल, दुसरा फुशारकी मारेल. पाच-सहा वेळा बसल्याशिवाय मत बनवू नकोस. स्पॉन्सर, म्हणजे हाताला धरून पायऱ्या शिकवणारा जुना माणूस, घाईने निवडू नकोस. मी तुझा स्पॉन्सर होणार नाही, आधीच सांगतो. शाळेपासूनचा मित्र त्या कामाला चालत नाही, आपण एकमेकांची लबाडी फार लवकर माफ करतो.

शुक्रवारी दुपारी म्हापशाला ये. बाजाराचा दिवस, गर्दीत तू कुठून कुठे गेलास हे कोण बघतो? संध्याकाळची मीटिंग आहे, आपण मागच्या खुर्च्यांवर बसू. डिचोलीची परतीची बस किती वाजता सुटते ते स्टँडवर उतरतानाच विचारून ठेव. चुकली तर माझी स्कूटर आहे. आईने विचारलं तर मयड्याची केळी आणायला गेलो होतो म्हण, आणि खरंच एक फणी घेऊन जा, नाहीतर पकडला जाशील.

तुझा,
बाबल्या