मीच दिलेला ईमेल पुरावा म्हणून जोडला आणि क्लेम नाकारला

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा विभाग

दिनांक : १५ जुलै २०२५

विषय : मॉडिफिकेशन कळवले नाही या कारणाने नाकारलेल्या अपघात क्लेमबाबत तक्रार
(पॉलिसी व क्लेम क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत.)

महोदय,

१० मे रोजी दुपारी मी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो होतो. हँडब्रेक ओढलेला होता, मागच्या सीटवर आई बसली होती. दुधाचा टेम्पो मागून येऊन आदळला. डिकी आत गेली, बंपर निघून पडला, डावा लाँग मेंबर (सांगाड्याची लांब पट्टी) वाकला आणि आईच्या मानेला दहा दिवस पट्टा लागला. टेम्पोचा ब्रेक वेळेत लागला नाही हे चालकाने तिथेच मान्य केले, पोलिसांतही तशीच नोंद आहे.

२७ जूनला तुमचे पत्र आले. गाडीच्या इंजिनात न कळवलेले बदल आढळले, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग झाला, म्हणून क्लेम देता येत नाही. पुरावा म्हणून पत्रासोबत एक कागद जोडला होता. तो कागद म्हणजे ११ फेब्रुवारीला मी स्वतः तुमच्या ग्राहक सेवेला पाठवलेला ईमेल आहे, त्या बदलांची यादी असलेला. जे मी कळवले नाही असे तुम्ही म्हणता, ते तुम्हाला माझ्याच कळवण्यातून कळले आहे. ही तक्रार मुख्यतः याच एका गोष्टीसाठी आहे.

गाडी २०१६ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, चाकणला तयार झालेली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, कंपनीतून १०५ पीएस (अश्वशक्तीसारखे ताकदीचे माप) आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). पोलोचे भारतातले उत्पादन २०२२ मध्ये थांबले, त्यामुळे ही विकून तशीच नवी घेणे आता शक्य नाही, आणि मला ती विकायचीही नाही. २०२१ मध्ये मी तिचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून घेतला, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्यातली सॉफ्टवेअरची फाइल बदलून घेतली. नऊ वर्षांत तिच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला मी कधी ताण दिला नाही आणि रीमॅपच्या वेळीही ट्यूनरला एकच अट घातली होती : या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटरची आहे, टॉर्क तिच्या बऱ्यापैकी खाली राहिला पाहिजे. तो २१८ वर ठेवला. सोबत एअर फिल्टर, पुढच्या डिस्क आणि पॅड, स्प्रिंग आणि डॅम्पर, १५ इंचाचेच दुसरे अलॉय रिम, मूळ १८५ ऐवजी १९५ रुंदीचे टायर. सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कंपनीचेच आहेत, पीयूसी दर वेळी पास झाले आहे. ताकद वाढवली तर आधी ब्रेक वाढवावेत, हे मला शिकवणाऱ्या मेकॅनिककाकांचे म्हणणे मी पाळले.

यंदा आईच्या मोतीबिंदूच्या धावपळीत जुनी पॉलिसी संपून तीन दिवस गेले, म्हणून तुमच्याकडे येताना गाडीची तपासणी झाली. तुम्ही पाठवलेल्या माणसाने बॉनेट उघडून फोटो काढले. फिल्टरचा लाल शंकू त्या फोटोत स्पष्ट दिसतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये सीएनजी किट आहे का, इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीजची किंमत किती, एवढेच विचारले होते. रीमॅपसाठी रकानाच नव्हता. म्हणून मी प्रतिनिधीला फोन केला. त्यांनी ईमेल करायला सांगितले, मी केला. ट्यूनरची पावती आणि आधीची-नंतरची डायनो शीट (इंजिनाची ताकद मोजल्याचा कागद) जोडली. दुसऱ्या दिवशी विनंती क्रमांकासह नोंद झाल्याचे उत्तर आले. १४ फेब्रुवारीला पॉलिसी निघाली. शेड्यूलवर नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीजपुढे ₹५२,००० छापले आहेत, आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत) ₹३,६०,०००. एकूण ₹१२,२९४ तुम्ही घेतले.

ओळखीतल्या गाडीवेड्या मित्रांनी मला तेव्हाच अडवले होते. काही लिहून देऊ नकोस, अपघात झाला तर गुपचूप मूळ फाइल टाकून घे, असे त्यांचे सांगणे. मी ऐकले नाही. विम्याचा करार परस्पर विश्वासावर चालतो आणि माहिती लपवली तर करारच टिकत नाही, हे मला पटलेले होते, आजही पटते. पण मी सांगितल्यानंतर ते वाचणे हे तुमचे काम होते. अशा गाडीचा विमा तुमच्या धोरणात बसत नसेल, तर फेब्रुवारीत नाही म्हणायचे होते. ट्यूनरकडे मूळ फाइल जपून ठेवलेली आहे. लॅपटॉप जोडून तासाभरात गाडी कंपनीतून आली तशी करून मिळाली असती. तो पर्याय तुम्ही मला दिलाच नाही. चार महिने हप्ता ठेवून घेतला आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ईमेल उघडून पाहिला.

कलम ५२ मी वाचले आहे. आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा अर्थ कडकपणे लावला, हे मला माहीत आहे. रीमॅपबाबत परिवहन खात्याने मला जाब विचारला तर मी उत्तर देईन. पण तो प्रश्न माझ्या आणि आरटीओच्या मधला आहे. तुमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे : अपघात या बदलांमुळे झाला का? उभ्या गाडीला मागून धडक बसली. इंजिन १०५ पीएसचे असते किंवा ५० चे असते, तरी टेम्पो तिथेच येऊन आदळला असता. नुकसान तपासायला आलेल्या तुमच्या सर्व्हेअरने जागेवर माझ्यासमोर हेच म्हटले होते. त्यांच्या अहवालाची प्रत मी दोनदा मागितली, मिळाली नाही.

बी. व्ही. नागराजू प्रकरणात (१९९६) परवानगीपेक्षा जास्त माणसे बसलेल्या मालवाहू गाडीचा क्लेम कंपनीने नाकारला होता. त्या जादा माणसांमुळे अपघात घडला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारणे टिकू दिले नाही. नितीन खंडेलवाल प्रकरणात (२००८) खासगी वापराची गाडी भाड्याने चालवली जात असताना चोरीला गेली. तिथेही क्लेम पूर्ण नाकारता येत नाही असे ठरले आणि ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. त्या दोन्ही ठिकाणी अटीचा भंग कंपनीपासून लपलेला होता. माझ्याकडे तर पोच आहे.

वेळेबद्दलही लिहितो. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर तुमचा निर्णय ७ दिवसांत यायला हवा. सर्व्हेअर ११ मे रोजी आले, निर्णय २७ जूनला. गाडी तोपर्यंत वर्कशॉपच्या आवारात पावसात उभी, दिवसाला ₹३०० पार्किंग. आईला फिजिओथेरपीला रिक्षाने न्यावे लागते. खड्ड्यात रिक्षा आपटली की ती मान धरते, आणि मला या पत्राची घाई होते.

वर्कशॉपचा अंदाज ₹१,७४,००० चा आहे. झिरो डेप (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) मी घेतलेला नाही, गाडी नऊ वर्षांची आहे. धातूच्या भागांवर ४० आणि प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापून जे बसेल तेवढेच मी मागतो. टेम्पोच्या विमा कंपनीकडून ते वसूल करण्याचा हक्क त्यानंतर तुमच्याकडे येतोच.

माझ्या मागण्या : २७ जूनचे पत्र मागे घ्यावे, क्लेम मंजूर करावा, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्यावी आणि २ जून नंतरचे पार्किंग शुल्क भरून द्यावे. शिवाय माझ्या ११ फेब्रुवारीच्या ईमेलवर तुमच्याकडे कोणी, कधी, काय शेरा मारला, ते लेखी कळवावे.

१४ दिवसांत उत्तर आले नाही तर मी आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवीन, आणि एक महिना उलटल्यावर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. कागद तयार आहेत.

आपला विमाधारक,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत : ११ फेब्रुवारीचा ईमेल व त्याची पोच, पॉलिसी शेड्यूल, तपासणीचे फोटो, डायनो शीट, पोलिसांतील नोंद, वर्कशॉपचा अंदाज, २७ जूनचे तुमचे पत्र