आधारच्या झेरॉक्सचे पुढे काय होते?

आईच्या पेन्शनच्या कामासाठी एका सरकारी कार्यालयात गेले होते. व्हरांड्यात अर्जांचे गठ्ठे उघडेच पडलेले. वरच्याच अर्जावर कुणाचा तरी आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल, सही! कुणीही फोटो काढून न्यावा. पाहून धस्स झाले.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. शेवटचे ४ अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. मी तेच नेले, तर ‘पूर्ण नंबरवाली झेरॉक्स आणा’ म्हणून खिडकीवरून परत पाठवले. या झेरॉक्स किती दिवस ठेवणार, कधी नष्ट करणार, हे प्रत्येक कार्यालयाने दर्शनी भागात लिहून लावावे. आणि ते गठ्ठे आजच कुलपात जावेत.

– एक वाचक, सातारा