विषय : 'हाय स्ट्रेंथ बाँडिंग फिलर'च्या पाकिटात भलतीच पावडर

प्रति, ग्राहक तक्रार विभाग

साहेब नमस्कार,

मी पैठणला फायबरची कामं करतो, टाक्या, कूलरच्या बॉड्या, नाथसागरावरच्या मासेमारीच्या होड्या. मागच्या महिन्यात तुमच्याकडून इपॉक्सीचा सेट (रेझिन आणि हार्डनर, दोन्ही मिसळले की कडक होणारा चिकट माल) आणि त्यात कालवायची ती बाँडिंगची पावडर मागवली, १ किलो, ४८० रुपये. पाकीट उशीएवढं आलं तेव्हा वाटलं सिलिकाच असणार, म्हणजे जोड मजबूत करायला इपॉक्सीत कालवतात ती बारीक पावडर, ती पण अशीच फुगीर असते. एका होडीतली बसायची आडवी फळी निघाली होती, ती बसवली, चार दिवस हात लावला नाही, आणि तिसऱ्याच फेरीला दोन माणसं बसली की कडकन आवाज, फळी जाळ्यासकट खाली. नशीब काठाजवळच होते.

फोन केला तर तुमच्या ताई म्हणायलेत सर मिक्सिंग चुकलं असेल नाहीतर उन्हानं झालं असेल. आता ऐका. रेझिन-हार्डनर काट्यावर तोलून आधी दोन्ही घोटले, मगच पावडर. फायबर ८० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासलं, ॲसिटोननं पुसलं, पहिला हात नुसत्या पातळ इपॉक्सीचा मारला आणि तो ओला असतानाच वर घट्ट माल, दाट पिठल्यासारखा, उलथणं उभं धरलं तरी ओघळणार नाही असा. ऊन म्हणाल तर सकाळी सहाला बसलो होतो, आणि १५० ग्रॅमच्या वर एकदम कालवलंच नाही, जास्त कालवलं की डबा तापतो आणि माल डब्यातच दगड होतो, हे काय मला नवीन आहे का.

तुटलेली जागा बघा म्हणजे कळेल. माल फळीलाही चिकटलेला आहे आणि होडीलाही, फाटलाय तो मधोमध. म्हणजे चिकटण्यात काही कमी नव्हतं, मालातच दम नव्हता. नखानं टोकरलं तर खडूसारखा भुगा पडायलाय, सिलिकाचा माल वाळल्यावर घासताना घाम काढतो! मग उरलेली चिमूटभर पावडर पाण्याच्या ग्लासात टाकून ढवळली, सगळी वर, सकाळीही वरच. शेजारच्या घड्याळवाल्याच्या भिंगातून बघितलं तर गोल गोल मणी. अहो हे मायक्रोबलून आहेत, पोकळ काचेचे. रंगाआधी खड्डे भरायला झकास, हलके, पटकन घासले जातात, पण भार घेणाऱ्या जोडात हे चालत नाहीत, तिथं सिलिका लागते, नाहीतर कापसाचा बारीक तंतू, नाहीतर मिल्ड ग्लास फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंचा बारीक चुरा.

आता पाकीट भरताना चुकलं का लेबलच खोटं, ते तुम्ही बघा, पण त्या बॅचच्या बाकी गिऱ्हाइकांना आधी कळवा, कुणी शिडी जोडून बसला असेल. मला पावडरचे ४८०, वाया गेलेल्या इपॉक्सीचे पैसे आणि फळी परत बसवायची दोन दिवसांची मजुरी पाहिजे. आठ दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केस मला इथंच आमच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, तुमच्या गावाला यायची गरज नाही.

तुटलेला तुकडा आणि उरलेली पावडर डब्यात जपून ठेवलीय. माणूस पाठवा, पाण्याचा ग्लास मी देतो.

आपला एक ग्राहक,
पैठण