जिवाणूंची साखर आणि किनाऱ्यावरील तपासणी

संपादक महोदय,

पावसाळ्यात कोकणातील विहिरींच्या पाण्याची चर्चा होते. परंतु त्या तपासणीचा मोठा भाग जिवाणू कोणती साखर वापरतात यावर उभा असतो, हे क्वचितच सांगितले जाते. आतड्यात राहणारा, म्हणून पाण्यात सापडला तर विष्ठेच्या दूषिततेची खूण ठरणारा जिवाणू ई. कोलाय दुधातील लॅक्टोज ही साखर आंबवतो, कारण ती पेशीत आणणारी आणि तोडणारी प्रथिने घडवणारी जनुके त्याच्याकडे शेजारी-शेजारी असतात. ग्लुकोज मिळत असताना ही जनुके जवळजवळ निष्क्रिय राहतात. त्यांचे नियंत्रण उलगडणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जाकोब आणि मोनो यांना ल्वॉफ यांच्यासह १९६५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र रक्ताची आव घडवणारा शिगेला, जो जनुकीयदृष्ट्या ई. कोलायचाच अगदी जवळचा आप्त आहे, बहुधा लॅक्टोज आंबवत नाही, म्हणून केवळ लॅक्टोजवर आधारलेल्या चाचणीतून तो निसटू शकतो.

आपल्या खाड्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भेद खाडी-समुद्राच्या पाण्यात आढळणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंमध्ये आहे. कॉलऱ्याचा जिवाणू सुक्रोज (नेहमीची साखर) आंबवतो आणि प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्याच्या ठरावीक माध्यमावर पिवळ्या वसाहती देतो. तिसऱ्या, कालवे अर्धवट शिजवून खाल्ल्याने बाधणारा व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस बहुधा हिरव्या देतो. हे ‘बहुधा’ मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्याचे काही वाण सुक्रोजही आंबवतात. म्हणून रंगावरून आलेल्या निष्कर्षाला जनुकीय चाचणीची जोड मिळावी आणि ती सोय किनारी जिल्ह्यांतच उपलब्ध व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

— सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका, रत्नागिरी