दार आतून उघडले गेले

युरोपातील वंशवादी पक्षांच्या वाढत्या बळावरचा रविवारचा अग्रलेख वाचला. त्यात सारे खापर बेरोजगारीवर फोडले आहे. ते अर्धेच खरे. जर्मनीत १९२८च्या निवडणुकीत नाझी पक्षाला जेमतेम २.६ टक्के मते होती. मंदीत, जुलै १९३२मध्ये, ती ३७ टक्क्यांवर गेली. पण बहुमत नव्हतेच, आणि नोव्हेंबरमध्ये तर मते घटून ३३ टक्क्यांवर आली. तरीही जानेवारी १९३३मध्ये हिटलर चान्सलर म्हणजे सरकारप्रमुख झाला, कारण माजी चान्सलर फॉन पापेनसारख्या प्रतिष्ठित पुढाऱ्यांना वाटले, याला आपण मुठीत ठेवू. त्या पहिल्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी अवघे तीन होते! वंशशुद्धीची भाषाही केवळ गुंडांची नव्हती. ती विद्यापीठांत शिकवली जात होती. ‘अपात्र’ ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७मध्येच मान्यता दिली होती. (आपल्या नागपुरातही स्थळांच्या जाहिरातीतला ‘गोरी’ हा शब्द कुणाला खटकत नाही, ते असो.) रस्त्यावरच्या घोषणा सौम्य शब्दांत मांडणाऱ्या सभ्य मंडळींचा अग्रलेखात साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर