मोटर कंट्रोलरचे अर्थिंग आणि शील्डिंग : मित्रास पत्र

भोसरी, पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

चढावर भार आला की तुझी विजेवरची मालवाहू तीनचाकी हिसके देते आणि मधूनच हॉल सेन्सरचा (मोटरचा फिरता भाग कुठे आहे ते सांगणाऱ्या सेन्सरचा) एरर येतो, हे वाचून काळजी वाटली. ही गाडी दुसऱ्याच्या हाती जाणार आहे, तेव्हा दोष सापडेपर्यंत ती त्याच्या ताब्यात देऊ नकोस. मात्र कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती प्रवाह द्यायचा ते ठरवणारी पेटी, बदलण्याचीही घाई करू नकोस, कारण फोटो पाहून मला दोष वायरिंगचाच वाटतो.

थ्रॉटलची (वेग कमी-जास्त करणाऱ्या मुठीची) काळी वायर तू बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला जोडली आहेस. जाड केबल आणि तिच्या टोकांची धातूची लग मिळून रोध २ मिलिओहम धरला, तरी १५० ॲम्पिअर वाहताना कंट्रोलरचे निगेटिव्ह टोक बॅटरीच्या टोकापेक्षा ०.३ व्होल्टने वर जाते. थ्रॉटलचा सिग्नल साधारण ०.८ ते ४.२ व्होल्टच्या दरम्यान असतो, त्यामुळे तू मूठ तशीच धरलेली असली तरी कंट्रोलरला ती सैल झाल्यासारखी दिसते. तो प्रवाह कमी करतो, फरक नाहीसा होतो, मग तो पुन्हा प्रवाह वाढवतो, आणि हाच तुझा हिसका. ती वायर कंट्रोलरने थ्रॉटलसाठी दिलेल्या ग्राउंडच्या पिनलाच जायला हवी.

बॅटरीचे निगेटिव्ह चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडू नकोस. तुझा ७२ व्होल्टचा, २० सेलचा लिथियम-आयन संच पूर्ण भरला की ८४ व्होल्ट होतात आणि ६० व्होल्टपुढचे डीसी धोक्याच्या वर्गात मोडते. दिव्यांसाठी बसवलेला डीसी-डीसी कन्व्हर्टर (बॅटरीचा व्होल्टेज उतरवणारी डबी) आयसोलेटेड आहे ना, म्हणजे त्याच्या दोन बाजू आतून एकमेकींना जोडलेल्या नाहीत ना, हेही तपास. नसेल, तर हॉर्नच्या बॉडी अर्थमधून, म्हणजे चासीला टेकवलेल्या त्याच्या निगेटिव्ह बाजूतून, बॅटरीचे निगेटिव्ह तुझ्या नकळत चासीला जोडले गेलेले असते.

कंट्रोलरची ॲल्युमिनियम पेटी आणि मोटरची बॉडी मात्र चासीला पक्की जोडलेली हवी. मोटरचे वेटोळे आणि तिची लोखंडी बॉडी यांच्यात नकळत एक कपॅसिटर तयार होतो. तो १ नॅनोफॅरडचा धरला आणि कंट्रोलरमधल्या मॉसफेटने (झटपट उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) ५० नॅनोसेकंदांत ७२ व्होल्ट उचलले, तर दर स्विचिंगला जवळजवळ दीड ॲम्पिअरचा क्षणिक झटका बॉडीत शिरतो. त्याला कंट्रोलरकडे परतायचेच असते. आपण जवळची वाट दिली नाही, तर तो हॉल सेन्सरच्या वायरीतून वाट काढतो. गेल्या पावसाळ्यात मी एका गाडीवर दोन दिवस घालवले आणि शेवटी कारण निघाले ब्रॅकेटवरचे पावडर कोटिंग. बोल्टचे आटे कसेबसे टेकले होते, म्हणून मल्टिमीटर बीप देत होता, पण खरा संपर्क तेवढाच होता. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पत्रा चकाकेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावले, आणि एरर थांबला.

आता शील्ड, म्हणजे वायरींतला विजेचा गोंगाट अडवणारी धातूची जाळी. मोटरला वीज नेणाऱ्या तीनही फेज वायरींवर एकच तांब्याची जाळी चढव आणि ती दोन्ही टोकांना, मोटरच्या व कंट्रोलरच्या बॉडीवर, क्लॅम्पने चारही बाजूंनी दाबून बसव. तू जाळी पिळून तिची १० सेंटिमीटरची शेपटी लगला जोडली आहेस. तेवढ्या शेपटीचे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण, १०० नॅनोहेन्रीच्या आसपास असते आणि १० मेगाहर्ट्झला ती ६ ओहमचा अडथळा होते, म्हणजे जाळी असून नसल्यासारखीच. थ्रॉटलच्या बारीक केबलची जाळी मात्र मी कंट्रोलरच्या एकाच टोकाला जोडतो, कारण दोन्हीकडे जोडली की चासीतला प्रवाह तिच्यातूनही वाहू लागतो. हॉलच्या वायरी फेजच्या जुडग्यातून सोडवून शक्य तितक्या दूर ने, आणि जिथे त्यांना ओलांडावेच लागेल तिथे काटकोनात ओलांड.

हे सारे करताना आधी बॅटरी सोडव आणि कंट्रोलरच्या डीसी टोकांवरचा व्होल्टेज शून्यावर आल्याची मीटरने खात्री कर. आतले कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात. सुरुवात थ्रॉटलच्या वायरीपासून कर आणि एका वेळी एकच बदल करून त्याच चढावर गाडी चालवून पाहा. रविवारी मी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र) घेऊन येतो, तोवर जुनी जोडणी कशी होती याचे फोटो जपून ठेव.

घरच्या सर्वांना नमस्कार.

तुझा मित्र